मानपाड्याचा लोखंडी जबडा

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. लोखंडाचा. मला जीभ नाही, त्यामुळे चव कळत नाही. गाल नाहीत, त्यामुळे हसताही येत नाही. चावणे एवढेच मला येते. तुम्ही दातांनी चावता आणि मी दातांनाच चावतो, तुमच्या-माझ्यात फरक म्हणाल तर इतकाच. जे जे माझ्यापुढे ऐटीत येऊन बसले आणि मोडून पडले, त्यांची मला कधी दया आली नाही. तुच्छता मात्र पोटभर वाटली. ऐकून वाईट वाटत असेल तर वाटू द्या. गोड बोलणारी यंत्रे पुष्कळ असतील, त्यांच्याकडे जा. माझी गोष्ट मी माझ्याच तोंडाने सांगणार.

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या कारखान्यांत उत्तम निकम यांची एक लहानशी कंपनी होती. भिवंडीच्या यंत्रमागांवर धागा ज्यातून सरकत जातो, त्या पांढऱ्या गुळगुळीत कड्या तिथे बनत. अ‍ॅल्युमिना नावाची भुकटी साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची, की काचेवर ओरखडा काढील अशी कडी तयार. निकमसाहेब मूळचे साताऱ्याकडचे. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याबद्दल याहून जास्त चांगले काही मला सुचत नाही.

त्या भट्टीवर सगुणा नाखवा नावाची तरुण इंजिनिअर होती. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिची आई बायजाबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. या बायजाबाईंची एक दाढ किडली, तेव्हा नौपाड्यातल्या डॉक्टर कारखानिसांनी तिच्यावर कॅप बसवली होती. बायजाबाईंनी चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची, नांगी फोडली आणि कॅपचा टवका उडाला. माय-लेकी पुन्हा दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी रुमाल नाकाशी धरला आणि म्हणाले, "बाई, कॅप तुमच्यासारख्यांच्या खाण्यासाठी नसते. मऊ भात खा आता."

सगुणाने तो टवका रुमालात बांधला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत आणला. हे सारे माझ्या जन्माआधीचे. डॉक्टर कारखानिसांना मी पुढे पाहिले. पाहूनही माझे मत बदलले नाही.

सगुणा नाथा फिटरकडे गेली. "नाथा, मला एक जबडा पाहिजे."

"कोणाचा?" नाथाने विचारले.

"कोणाचाच नाही. आपण बनवायचा."

नाथाने डोके खाजवले आणि कामाला लागला. शिवणयंत्राची मोटर, भंगारातल्या प्रेसचा दांडा, वर एक पोलादी गोळी, खाली पितळी वाटी आणि वाटीत पोलादाचा खुंट. खुंटावर कॅप चिकटवायची, वाटीत पाणी भरायचे आणि मोटर चालू करायची. गोळी खाली येई, दाबे, वर जाई, पुन्हा खाली येई. झाला माझा जन्म. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. माझ्याकडे पाहून नाथा म्हणाला, "मॅडम, ह्याला दात घासायला लावू नका म्हणजे झालं." मला त्याचा विनोद आवडला नाही. पण हात त्याचा चांगला होता, हे कबूल.

पाणी कशाला, असे तुम्ही विचाराल. तोंड कधी कोरडे असते का? कॅपच्या चिनी मातीला सूक्ष्म चीर पडली की पाणी तिच्यात शिरते आणि ती हळूहळू लांबवते. कोरड्यात दिमाखाने उभी राहणारी वस्तू ओल्यात कधी घात करील, सांगता येत नाही. सगुणाने हे पहिल्याच दिवशी नाथाला बजावले होते: "पाणी आटलं की जबडा बंद. कोरडा चालवायचा नाही."

पहिले काही महिने मी बाजारातल्या कॅपा खाल्ल्या. आत धातूचा पत्रा, वर चिनी मातीचा पांढरा मुलामा. बाहेरून राजहंस, आतून डबा. धातू जरासा वाकायचा, वरच्या मातीला वाकता येत नसे, आणि दोघांच्या सांध्यावरून टवका उडायचा. माझ्यासमोर एकही धड राहिली नाही. नाथा तुकडे झाडून टाकायचा. सगुणा मात्र प्रत्येक तुकड्याला शाई लावून भिंगाखाली पाहायची. चिरेत शाई शिरते आणि चीर कुठून निघाली ते दिसते. मला ते पाहून हसू आले असते, गाल असते तर. मोडलेल्या वस्तूचा इतका मान कशाला ठेवायचा?

मग तिने स्वतःच्या कॅपा बनवायला घेतल्या. धातू काढूनच टाकला. आत अ‍ॅल्युमिना, कारण ते कठीण. बाहेर काचेसारखी माती, कारण ती खऱ्या दातासारखी दिसते. मी ती कॅप कडाडून फोडली. तिने मध्ये आणखी एक थर घातला. तोही फोडला. मग पाच थर, एकाहून एक मऊ. माझी चंगळ झाली. जितके थर तितके सांधे, आणि जितके सांधे तितक्या माझ्या मेजवान्या.

एका रविवारी बायजाबाई लेकीसाठी डबा घेऊन कंपनीत आल्या. माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ मला न्याहाळत राहिल्या.

"काय गो, हा दिसभर काय चावतंय?"

"दात चावतोय, आये."

"न कुठं मोडतंय?"

"सांध्यावर. कठीण थर संपतो आणि मऊ सुरू होतो, तिथंच."

"मंग सांधा ठेवतंस कनाला?" बायजाबाईंनी डबा उघडत विचारले. "खाडीन चिखोल कुठं सपतंय न पानी कुठं लागतंय, सांगशील मना? बंदराची भित दर साली फुटतंय. चिखोल कदी फुटलाय?"

सगुणा हसली. हेच तिच्या डोक्यात काही महिने घोळत होते. परदेशी नियतकालिकांतही कोणी कोणी असे लिहू लागले होते. फक्त ते करायचे कसे, हा प्रश्न होता. आईचा प्रश्न ऐकून उत्तर सापडले असे काही झाले नाही. पण त्या दिवसापासून तिने थर देणे बंद केले, हे मी पाहिले.

तिने अ‍ॅल्युमिनाची कॅप अर्धवट भाजली, म्हणजे ती इडलीसारखी सच्छिद्र राहिली. मग तिला आतून आणि बाहेरून काचेची भुकटी लावली आणि पुन्हा भट्टीत घातली. काच वितळली आणि हळूहळू आत मुरत गेली. पृष्ठभागाशी भरपूर, थोडे खोल गेल्यावर कमी, आणि अगदी पोटात जवळजवळ नाहीच. बाहेर काच, पोटात अ‍ॅल्युमिना, आणि हद्द कुठेच नाही. यासाठी भट्टी फार सावकाश चालवावी लागे. घाई केली तर काच वरच थांबायची, आणि सावकाशीतही जरा चुकले तर कॅप वाकडी व्हायची. कित्येक वाया गेल्या. वाकड्या निघालेल्या ती माझ्यापर्यंत आणायचीसुद्धा नाही, आधीच फेकायची. त्या बाबतीत ती माझ्याहून निर्दय होती.

शेवटी एक कॅप आली. मी तिच्यावर गोळी आणली. ओळखीचा कडक आवाज आलाच नाही. मी दाबले की पृष्ठभाग किंचित दबे आणि भार पोटातल्या कठीण भागाकडे सोपवून मोकळा होई. मी तिला दिवसच्या दिवस चावले. पाणी बदलले गेले, मोटरचा पट्टा बदलला गेला. नाथा माझ्यावर कान ठेवून म्हणाला, "मॅडम, गोळी झिजली. कॅप हाय तशीच."

सगुणाने कॅप काढून शाई लावली, भिंगाखाली धरली आणि चारही बाजूंनी फिरवून पाहिली. शाई कुठेच शिरली नव्हती. मग ती खाली बसली आणि तिने नाथाकडे चहा मागितला. मला काय वाटले? राग आला. जन्मात पहिल्यांदा मी उपाशी राहिलो होतो.

यानंतर माझे कौतुक सुरू झाले. निकमसाहेबांनी माझ्यासमोर नारळ फोडला आणि मला झेंडूचा हार घातला. ज्या माणसाने मला भंगारातून जोडले, तो नाथा मागे उभा होता; ज्यांनी मला कधी हात लावला नव्हता, ते पुढे उभे होते. डॉक्टर कारखानीसही आले. अत्तर लावून आले होते. जिची कॅप मोडली त्या बाईची सगुणा ही मुलगी, हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कॅप बोटांत फिरवली आणि म्हणाले, "आपण हे मोठं करू, निकमसाहेब." 'आपण' हा शब्द काही माणसे कशी वापरतात, यावर एखादा निबंध तुम्हीच लिहा.

दोघांची भागीदारी झाली. काही दिवसांनी डॉक्टरांनी विचारले, "भट्टीला इतका वेळ का लागतो?"

"काच मुरायला वेळ लागतो," सगुणा म्हणाली.

"मुरायची काय गरज आहे? वरून पातळ काच लावा, लवकर भाजा. दिसायला तीच ना?"

"दिसायला तीच. पण मग आत पुन्हा सांधा येतो."

"तो दिसतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

मित्रांनो, या 'मग झालं तर'वर अर्धे जग उभे आहे. म्हणून ते मधूनमधून अंगावर पडते.

निकमसाहेबांनी मान डोलावली. घाईच्या कॅपा निघू लागल्या. सगुणाने त्या माझ्याकडे लावल्या आणि मी त्या पटापट फोडल्या. तेव्हा निकमसाहेबांनी नाथाला हुकूम दिला, "वाटीतलं पाणी काढ. मशीन गंजतं." नाथाने सगुणाकडे पाहिले. सगुणा म्हणाली, "साहेब, कोरडी परीक्षा ही परीक्षा नाही." साहेब म्हणाले, "परीक्षा आपल्यालाच घ्यायची आहे ना? मग आपल्याला पाहिजे तशी घ्यायची." मी कोरडा चाललो. एकही कॅप मोडली नाही. माझ्या नावाने 'जबड्यात तपासलेली' असा शिक्का तयार झाला. मी ज्यांना आयुष्यभर तुच्छ मानले त्यांचा मी साक्षीदार झालो, आणि मला कोणी विचारलेही नाही.

मग ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावून मोठा कार्यक्रम करायचे ठरले. पहिली कॅप कोणाला बसवायची? डॉक्टर कारखानिसांना कल्पना सुचली. एखाद्या कोळणीला बसवू, तिला चिंबोरी खायला लावू, फोटो काढू. निकमसाहेब उत्साहाने म्हणाले, "आमच्या सगुणाची आईच कोळीण आहे." सगुणाने नकार दिला. साहेबांनी परस्पर बायजाबाईंना निरोप पाठवला. लेकीच्या कंपनीचा मान म्हणून बायजाबाई आनंदाने तयार झाल्या. कॅप घाईच्या घाण्यातली होती, हे त्यांना कोण सांगणार? सगुणाला हे सारे कळले तेव्हा मांडव उभा राहिला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी बायजाबाई हिरवे लुगडे नेसून, केसांत अबोलीची वेणी माळून पहिल्या रांगेत बसल्या. आधी माझा प्रयोग आणि मग त्यांच्या दाढेवर कॅप, असा बेत होता. डॉक्टर कारखानिसांनी माझ्या खुंटावर त्याच घाण्यातली दुसरी कॅप बसवली. मोटर चालू झाली. मी कोरडाच चावत राहिलो. कॅप टिकली. टाळ्या पडल्या. बटाटेवड्याच्या बशा फिरू लागल्या.

तेव्हा सगुणा उठली. तिने टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि माझी वाटी काठोकाठ भरली.

"हे काय करताय?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारले.

"तोंडात पाणी असतं, डॉक्टर," ती मोठ्याने म्हणाली.

मागून कोणीतरी हसले. आता थांबवले तर वाईट दिसेल, म्हणून निकमसाहेबांनी मोटर चालू ठेवली. मी चावू लागलो. लोक वडे खात होते, मीही खात होतो. मला ठाऊक होते काय होणार आहे. मी कधी इतक्या मन लावून काम केले नव्हते. वड्यांनंतर चहा आला, चहाचे कप रिकामे होऊ लागले, आणि तट् असा आवाज झाला. पांढरा टवका उडाला आणि पुढच्या टेबलावरच्या चटणीत जाऊन पडला.

बायजाबाई उठल्या, पुढे आल्या आणि त्यांनी चटणीतला तो तुकडा बोटांनी उचलला.

"हीच माझे तोंडान घालनार व्हतास ना रं, डाक्तर?" त्या म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता. बाजारात शिळ्या मासळीचा डोळा दाखवावा, तसा त्यांनी तो तुकडा डॉक्टरांपुढे धरला.

सगुणा पाहुण्यांना म्हणाली, "ही खरी कॅप नाही. खरी माझ्याजवळ आहे. ती इथे लावते. थोडे दिवस लागतील. तुम्ही कधीही येऊन बघा."

इथे गोष्ट संपली असती आणि सत्याचा विजय झाला असता, तर मला ती सांगायची गरजच पडली नसती. शाळेच्या फळ्यावर ती लिहिलेली असती. मित्रांनो, खरी कॅप बघायला एकही डॉक्टर परत आला नाही. इतकी शिकलेली माणसे, पण त्यांनी एवढेच लक्षात ठेवले की डोंबिवलीचा दात सगळ्यांसमोर मोडला. कोणता मोडला, का मोडला, हे विचारण्याइतकी कोणाला फुरसत नव्हती. निकमसाहेबांनी दातांचे काम बंद केले आणि सगुणाला म्हणाले, "तू जरा गप्प बसली असतीस तर आज आपण कुठे असतो." तिने उत्तर दिले, "माझी आई तुमच्या फोटोत असती." आणि ती नोकरी सोडून गेली. कारखानिसांचे काही बिघडले नाही. अशा माणसांचे कधी बिघडत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दवाखान्यात गार हवेचे यंत्र बसवले.

खरी कॅप, आईच्याच दाढेच्या मापाने केलेली, सगुणाने सोबत नेली. कळव्यात मालू देसले नावाच्या एका डॉक्टरीण बाईंनी नुकताच दवाखाना घातला होता. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले, कॅपची कड भिंगातून तपासली आणि मग ती बायजाबाईंच्या दाढेवर बसवली. हे मला नाथाकडून कळले. बायजाबाई रोज चिंबोऱ्या खातात, असेही तो सांगायचा. रोज खात नसाव्यात. पण नाथाला तसे सांगायला आवडायचे.

मला शेडमागे नेऊन टाकले. पावसाने माझा दांडा गंजला. ताडपत्री उडू नये म्हणून माझा धोंडा केला. माझ्या वाटीत एका चिमणीने काड्या आणून ठेवल्या. ज्याने शेकडो दात फोडले त्याच्या तोंडात चिमणीचे घरटे. यापेक्षा मोठा अपमान मला ठाऊक नाही. मधल्या काळात बाहेरून स्वस्त कड्या येऊ लागल्या, निकमसाहेबांचा धंदा बसला आणि कंपनीला टाळे लागले. नाथा राखणदार म्हणून राहिला.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात एका दुपारी सगुणा आली. केसांत थोडी चांदी आली होती. आता ती कळव्यात एका लहान प्रयोगशाळेत खुब्याच्या सांध्यासाठी चिनी मातीचे गोळे बनवायच्या कामावर होती. म्हाताऱ्या माणसांचा मोडलेला खुबा बदलतात ना, त्यात बसवायचा गोळा. तिने पर्समधून एक छोटी डबी काढली.

"आये गेली, नाथा," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात. राख सावडताना ही मिळाली."

डबीत ती कॅप होती. काळवंडलेली, पण अख्खी. चितेने बाईचे सारे नेले होते, ही तेवढी ठेवली होती.

नाथाने हात जोडले. "देवघरात ठेवा मॅडम."

"नाही. जबडा चालू होईल का बघ."

"मॅडम, आईची वस्तू हाय."

"आयेनं ती इतकी वर्षं चावली. आता ती कुठं कमकुवत झाली ते मला कळायला पाहिजे. उद्या कोणाच्या खुब्यात याच जातीची माती बसणार आहे." ती पुढे म्हणाली, "आये म्हणायची, मेलेला मासा जपून ठेवला तर नुसता वास येतो."

नाथाने चिमणीचे जुने घरटे अलगद काढून कौलाखाली ठेवले. मला रॉकेलने पुसले, तेल दिले. सगुणाने कॅप धुतली, आगीने तडा तर गेला नाही ना म्हणून शाई लावून पाहिली, खुंटावर चिकटवली आणि वाटीत पाणी भरले. मी चावू लागलो. सगुणा रोज कळव्याहून यायची, माझ्यासमोर त्याच स्टुलावर बसायची. नाथाशी बोलायची. एकदा तिने मोटर थांबवण्यासाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

आणि एका सकाळी ती कॅप माझ्याखाली मोडली. आवाज लहानसाच झाला. इतक्या वर्षांनी मला खायला मिळाले होते, पण मित्रांनो, मला ते गिळवेना. मोडलेल्या वस्तूसमोर मी पहिल्यांदाच गोळी वर उचलून थांबलो. नाथा म्हणाला पट्टा निसटला, तसे म्हणा हवे तर.

सगुणाने दोन्ही तुकड्यांना शाई लावली. डोळे पुसले, कारण भिंगातून नीट दिसत नव्हते. मग म्हणाली, "कडेला. बघ नाथा, पोटात काही झालेलं नाही. अगदी कडेला काच कमी मुरलीय, चीर तिथून निघाली." तिने लगेच कागद ओढला आणि गोळ्याची कड रेखाटायला घेतली.

तिने मला टेम्पोत घालून कळव्याला नेले. तिथे आता मी खुब्याचे गोळे चावतो. वाटी मोठी झाली आहे, मोटर नवी आहे, शेजारी परदेशी यंत्रे आहेत आणि ती मला नाके मुरडतात.

तुम्हाला शेवटी एक उपदेश हवा असतो, तो घ्या. वस्तू जपायची म्हणजे कपाटात ठेवून तिच्यावरची धूळ झटकायची, असे तुम्हाला शिकवले असेल. ज्याने शिकवले त्याला माझ्याकडे पाठवा. ज्या वस्तूवर उद्या कोणीतरी भार टाकणार आहे, तिच्यावर आज तुम्ही भार टाका, आणि सगळ्यांसमोर टाका. मोडली तर लाजू नका, का मोडली ते बघा. आणि मला वेळेवर तेल द्या, म्हणजे तुमचे काम मी चोख करीन. हारबीर नको.

आज सकाळी सगुणाने कडेपर्यंत काच मुरवलेला नवा गोळा माझ्याखाली ठेवला आहे. पांढराशुभ्र, गुळगुळीत, स्वतःवर फार खूष असलेला. मला त्याच्याबद्दल काडीचाही आदर नाही. अजून तरी.